चिडीचूप ताईंची टिचकी

चिडीचूप ताई स्वतः कधी चिडीचूप बसल्या असतील तर त्या झोपेत, आणि त्यांच्या नवऱ्याला विचाराल तर तेव्हाही नाही. नाव पडलं ते त्यांच्या खोलीवरून. बाळंतिणींच्या वॉर्डाच्या टोकाला तान्ह्या बाळांचं रक्त काढायची एक खोली होती. बाळ जन्मलं की दोन-तीन दिवसांनी त्याच्या टाचेला बारीकशी सुई टोचायची, थोडे थेंब घ्यायचे आणि तपासणीला पाठवायचे. काम एवढंसं. पण एवढ्याशा कामाला बाळ असा टाहो फोडतं की बाहेर बाकावर बसलेल्या आईचे डोळे भरून येतात, आजी ताडकन उठून उभी राहते, आणि बाप उगाचच भिंतीवरचा लसींचा तक्ता वाचायला लागतो. सगळीकडे असंच चालतं. ताईंच्या खोलीतून मात्र आवाज म्हणून यायचा नाही. बाळ आत जायचं आणि बाहेर यायचं तेव्हा टाचेला कापसाचा बोळा लागलेला असायचा.

"झालं?" आई विचारायची.

"झालं! कळलंसुद्धा नाही त्याला," ताई म्हणायच्या, आणि मग बाळाचं नाक कुणावर गेलंय इथपासून बाळंतिणीने पाय लोंबकळत ठेवून बसू नये इथपर्यंत सगळं सांगून झाल्याशिवाय बाळ हातातून सुटायचं नाही. बाहेर आल्यावर एखादं बाळ रडलं, तर ताईंचं ठरलेलं होतं, "भूक लागलीय, पाजा."

आता ही जादू कशाची, तर एका टिचकीची. ताई बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळायच्या, एक पाय बाहेर काढायच्या, आणि मधलं बोट अंगठ्याखाली दाबून तळपायावर सण्णकन टिचकी मारायच्या. बाळ दचकायचं. त्या दचकण्यातच सुई आत-बाहेर. थेंब पडेपर्यंत बाळ जागच्या जागी थिजलेलं असायचं, आणि मग ताईंच्या खांद्यावर एखादा हुंदका देऊन गळून झोपी जायचं. दुसऱ्या दवाखान्यांतल्या मुली ही टिचकी शिकायला यायच्या. ताई हौसेनं शिकवायच्या. कला आपल्याजवळ दडवून ठेवायची हा त्यांचा स्वभावच नव्हता, आणि दडवलं तर बोलायचं काय?

टिचकी त्यांना कुणी शिकवली नव्हती. त्या कामाला लागल्या तेव्हा त्यांचा स्वतःचा मुलगा अंगावर पीत होता, आणि त्याला सासूबाईंपाशी ठेवून त्या दिवसभर दुसऱ्यांच्या बाळांना टोचत होत्या. बाळ रडलं की ताईंना पान्हा फुटायचा. पोलकं ओलं व्हायचं, वर ॲप्रन चढवला तर तोही ओला. लाजेनं जीव अर्धा व्हायचा, आणि उरलेला अर्धा त्या रडण्यानं. एके दिवशी एक सुस्त बाळ हलावं म्हणून त्यांनी त्याच्या तळपायावर टिचकी मारली, लगेच टोचलं, आणि काय आश्चर्य, बाळ रडलंच नाही! त्या दिवशी ताई कोरड्या ॲप्रनानं घरी गेल्या. मग दुसऱ्या दिवशीही टिचकी. तिसऱ्याही. यात वाईट काय, असं तुम्ही विचाराल. कुणालाच काही वाईट दिसलं नाही, म्हणून तर ही गोष्ट सांगावी लागतेय.

मग दवाखान्यात नव्या डॉक्टरीणबाई आल्या. लहान मुलांच्या. चणीनं बारीक आणि आवाज त्याहून बारीक, पण एकदा डोक्यात घेतलं की ऐकतील तर शपथ. त्यांच्या डोक्यात असं होतं की, सुई टोचताना, पट्टी ओढताना, नाकात नळी घालताना तान्ह्या बाळाला नेमका किती त्रास होतो तो मोजायचा.

"मोजायचा?" ताई हसल्या. "अहो बाई, दुखलं तर बाळ रडतं, नाही दुखलं तर नाही रडत. यात मोजायचं काय, डोंबल?"

"मोठ्या माणसाला विचारता येतं ताई, किती दुखतंय म्हणून. ह्यांना कसं विचारणार?"

"विचारायला कशाला हवं? मला बघा. माझ्या हाताखाली एक रडत नाही."

"म्हणूनच तुम्ही हव्यात मला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बाळं पाहण्यात तुमची उभी हयात गेली. चेहरे तुमच्याइतके कुणी पाहिले नसतील."

ताईंना हे फारच पटलं. स्तुती पटायला त्यांना वेळ लागत नसे.

पद्धत अशी होती. ह्या आणि आणखी काही दवाखान्यांतल्या खोल्यांत टेबलाच्या वर कॅमेरे लावले होते. ताईंच्याही खोलीत होता. त्याला त्या रोज सकाळी फडक्यानं पुसायच्या. चित्रणात दिसायचा फक्त बाळाचा चेहरा. टोचणारा कोण ते नाही, दवाखाना कुठला ते नाही, वर नुसता आकडा. आणि आवाज बंद. दोघींनी वेगवेगळं बसून पाहायचं आणि गुण द्यायचे. एक ताई आणि दुसरी व्यायाम-उपचाराच्या विभागातली चष्मेवाली, जी दिवसाला दहा वाक्यं बोलायची आणि त्यातली चार 'हं' असायची.

"आवाज का बंद?" ताईंनी विचारलं.

"कान फार घाई करतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रडणं ऐकलं की आपण ठरवून मोकळे होतो. आधी चेहरा पाहू, मग आवाजाचं वेगळं बघू."

कपाळ फुगून भुवया खाली आल्या का, डोळे आवळून मिटलेत का, नाकाच्या कडेनं ओठांपर्यंतची घडी खोल गेली का, तोंड वासलंय का, जीभ ताठ आहे का. हे जितकं जास्त आणि जितका वेळ, तितके गुण जास्त, म्हणजे तितका त्रास जास्त.

"म्हणजे नापास होईल त्याला जास्त मार्क," ताई म्हणाल्या. "आमच्या मुलाला ही शाळा चालली असती."

आपली बाळं त्यांतही आपण पटकन ओळखू, अशी त्यांची खात्री होती. झोपल्यासारखी दिसतील, आणखी काय!

पहिले काही दिवस मजेत गेले. बाळं रडत होती, पण आवाज नसल्यामुळे ताईंना त्यांचे चेहरे पहिल्यांदाच नीट पाहता येत होते. आणि एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. रडणाऱ्या बाळाचा चेहरा सारखा चालू असतो. आक्रसतो, सुटतो, श्वास घ्यायला तोंड मिटतं, पुन्हा उघडतं. त्या सुटण्याच्या क्षणाला डोळेही किलकिले होतात. कुणीतरी उचलून घेईल का, असं पाहिल्यासारखं बाळ पाहतं.

मग वेगळीच चित्रणं लागली. बाळ एकदम दचकलं आणि चेहरा मुठीसारखा आवळला गेला. कपाळ, डोळे, नाक, सगळं एका जागी. तोंड ताणून उघडलेलं, आत जीभ ताठ. आणि ते तसंच राहिलं. सुटेचना. गुलाबी रंग लाल झाला, लालाचा जांभळट व्हायला लागला, हनुवटी थरथरायला लागली, तरी चेहरा सुटेना. ताई खुर्चीतून पुढे झुकल्या. "अगं घे! श्वास घे गं बाई!" त्या पडद्याशी बोलल्या. केव्हातरी बाळानं श्वास घेतला आणि त्याची मान कलंडली. ताईंनी होते तेवढे सगळे गुण देऊन टाकले. तसलंच आणखी एक आलं. मग आणखी एक. ताईंचं डोकं तापलं.

त्या उठल्या आणि तडक डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेल्या. चष्मेवाली तिथेच आपले कागद देत होती.

"हा कुठला कसाई आहे?" ताई कडाडल्या. "कुठल्या दवाखान्यातला? त्याला आधी त्या कामावरून काढा, मग तुमचा अभ्यास करा. बाळाचा जीव गुदमरतोय आणि हा मेला टोचतोय!"

"तुम्हीही सगळे गुण दिलेत?" चष्मेवालीनं विचारलं. हे तिचं त्या दिवसातलं सर्वांत लांब वाक्य असावं.

"त्याहून जास्त असते तर तेही दिले असते."

डॉक्टरीणबाईंनी आकडे ताडून पाहिले. दोघींचे जुळत होते. "आता ह्यांचा आवाज ऐकू," त्या म्हणाल्या. "एवढा त्रास म्हणजे किती किंचाळलं असेल ते बाळ."

चित्रण लावलं आणि आवाज मोठा केला. आधी खोलीतली पंख्याची घरघर ऐकू आली. मग 'टक्' असा एक आवाज, आणि पडद्यावर बाळ दचकलं, चेहरा आवळला गेला, तोंड वासलं. आणि मग काहीच नाही. पंखा तेवढा. बाळाचं तोंड एवढं मोठं उघडं आणि त्यातून आवाजाचा टिपूस नाही. तिघीजणी थांबून राहिल्या. त्या शांततेत एका बाईचा प्रेमळ आवाज आला, "शहाणं गं माझं ते! बघा, हूं नाही की चूं नाही. कळलंसुद्धा नाही माझ्या राजाला!"

ताईंना आवाज ओळखायला क्षणभर लागला. स्वतःचा आवाज बाहेरून ऐकायची कुणाला सवय असते?

"यंत्र बिघडलंय," त्या म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी यंत्र तपासून पाहिलं. ठीक होतं.

"दुसरं लावा."

दुसऱ्यातही टक्, शांतता, आणि शहाणं गं माझं ते. ताई मटकन खाली बसल्या. ती बाळं गप्प नव्हती. त्यांचा श्वास अडकला होता. दचकून श्वास सुटायचा, त्यात सुई, आणि पुढचा श्वास आत यायलाच तयार नाही. रडायलाही आधी श्वास लागतो. ताईंनी त्यांना रडण्यापुरताही शिल्लक ठेवला नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. "ताई, तुम्हाला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. ही चित्रणं मी मोजणीतून बाजूला काढते. आपल्या तिघींबाहेर कुणाला कळायची गरज नाही."

"बाजूला का?" ताईंनी मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज चांगलाच चढलेला. "दुसऱ्याचं असतं तर ठेवलं असतं ना? मग माझं का काढता? ठेवा! सगळं ठेवा. फक्त मोजायला मला बसवू नका आता, दुसरं कुणी बघा."

घरी गेल्यावर मात्र बांध फुटला. नवरा शिंपी होता; पुढच्या खोलीत मशीन टाकून बसायचा. बायको घरात येऊन गप्प बसलेली पाहिल्यावर त्याला आधी आपण काय केलं तेच आठवेना. ताईंनी सगळं सांगितलं. सांगता सांगता रडल्या, नाक पुसलं, पुन्हा सांगितलं.

"किती बाळं असतील हो? किती असतील?"

"मोजू नकोस," तो म्हणाला. "मोजून एकाचंही कमी होणार नाही. उद्या ते बोट आवर, एवढंच तुझ्या हातात आहे."

"सवय आहे हो बोटाला. मला न विचारता उडतं."

"मग बांधून टाक. तोंडाचं काही जमलं नाही मला, बोटाचं जमेल."

एरवी ताईंनी ह्यावर त्याला चांगलं सुनावलं असतं. त्या दिवशी त्यांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं बोट चिकटपट्टीनं एकत्र बांधून ताई कामाला हजर झाल्या. कुणी विचारलं तर सांगायच्या, "बोटाला शिक्षा झालीय."

आता नवीन शिकायचं होतं, आणि तेही ह्या वयात. डॉक्टरीणबाई जे वाचत ते सांगायच्या आणि ताई करून पाहायच्या. बाळाची टाच आधी हातात धरून ऊबदार करायची. दुपट्यात आवळायचं नाही. आईला बाहेर बाकावर नाही, आत खुर्चीत बसवायचं, बाळ तिच्या उघड्या छातीवर ठेवायचं, पीत असेल तर पिऊ द्यायचं. बाळ निवलं, त्याचे खांदे सैल पडले, की मगच टोचायचं. आणि नजर टाचेवर थोडी, चेहऱ्यावर जास्त. हात इतका जुना असूनही ताईंची पहिल्या दिवशी धांदल उडाली. आडवं बाळ टोचणं वेगळं आणि आईच्या पोटावर गोगलगाय होऊन बसलेल्या बाळाची टाच शोधणं वेगळं. ताई गुडघे टेकून, मान वाकडी करून टोचत होत्या. पाठीचा पार खुळखुळा झाला.

आणि बाळं रडली. सगळी नाहीत, पण बरीच. पहिलं बाळ तर असं रडलं की बाहेरच्या बाकावरची एक आजी दार ढकलून आत आली. "ताईच आहेत ना इथे? मग रडलं कसं?"

"टोचलं म्हणून रडलं, आजी."

"पण थोरल्याच्या वेळी नव्हतं हो रडलं!"

ताईंच्या छातीत कळ आली, तीच जुनी, पान्ह्याच्या जागची. त्या बाळाच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. चेहरा आवळला, सुटला, आवळला, सुटला. आईनं पाठीवर हात ठेवला तसा सुटण्याचा वेळ वाढत गेला. बाळानं श्वास घेतला, भरपूर घेतला, आणि पुन्हा छातीला तोंड लावलं.

डॉक्टरीणबाईंनी कॅमेरा खुर्चीकडे वळवला होताच. ही नवीन चित्रणं त्यांनी चष्मेवालीकडे आणि मोजायला ताईंच्या जागी आलेल्या एका बाईंकडे, कुणाची ते न सांगता, दिली. गुण उतरले. थोडे नाही, चांगले उतरले. पण असल्या अभ्यासाला लोकांपुढे यायला वेळ लागतो. आणखी बाळं हवीत, आणखी दवाखाने हवेत, मग कुणीतरी थोर माणसं ते वाचणार, मग मान डोलावणार. तोवर बाहेरच्या बाकावर काय पसरलं? ताईंचा हात गेला. वय झालं. डोळ्यांना दिसत नसेल. कुणी तर असंही म्हणालं की सुनेशी पटत नाही, म्हणून लक्ष नसतं. सुनेचा ह्यात काय संबंध? पण बाकावर बसलेल्या माणसांना वेळ फार असतो.

खरं दुखणं वेगळंच होतं. ताईंच्या हाताखाली शिकलेली एक मुलगी होती, सगळे तिला धाकटी म्हणायचे. गुणी, कामसू, आणि टिचकी अशी मारायची की ताईंनीच एकदा कौतुकानं म्हटलं होतं, मला मागे टाकलंस. ताईंनी तिला बसवून सगळं सांगितलं, चित्रण दाखवलं. धाकटीनं पाहिलं आणि मान फिरवली.

"ताई, तुम्हीच शिकवलंत ना, बाळाला कळूसुद्धा देऊ नये?"

"मी चुकीचं शिकवलं."

"आया हात धरतात हो माझे, आशीर्वाद देतात. आणि मला नाही सहन होत तो आवाज."

ताईंना तिचा राग आला आणि तिची कीवही आली. हिला काय बोलणार? आपलंच तोंड आरशात पाहिल्यासारखं झालं. दोन वेळा समजावलं, तिसऱ्यांदा ओरडल्या, आणि धाकटी रडत निघून गेली. त्यानंतर आया दारातच विचारायला लागल्या, आत आज धाकटी आहे की ताई? ताई असतील तर काही जणी उद्या येतो म्हणून परत जायच्या.

हे मोठ्या साहेबांच्या कानावर जायला किती वेळ लागणार? मोठे साहेब म्हणजे दवाखान्याचे व्यवस्थापक. माणूस वाईट नव्हता, पण तक्रार आली की त्यांना पित्त व्हायचं. त्यांनी सगळं ठरवूनच ताईंना निरोप धाडला. सोमवारपासून बाळांची खोली धाकटीकडे, ताई खाली मोठ्या माणसांचं रक्त काढायच्या खिडकीवर. आणि धाकटीची पद्धत बाकीच्या खोल्यांतही सगळ्यांनी शिकून घ्यायची.

निरोप ऐकला तेव्हा ताईंना आधी स्वतःबद्दलच वाईट वाटलं, ते खोटं कशाला सांगा? इतकी वर्षं राबून शेवटी खिडकीवर. पण निरोपाचा दुसरा भाग डोक्यात शिरला, तसं त्यांचं स्वतःचं दुःख जागच्या जागी विरलं. बाकीच्या खोल्यांतही. सगळ्यांनी. म्हणजे दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक बाळाला टिचकी, आणि ह्या सगळ्याची आई कोण, तर त्या स्वतः. त्यांनी ॲप्रन झटकला आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या, "ते पहिलं चित्रण घ्या आणि चला माझ्याबरोबर. बोलेन मी. तुम्ही फक्त ते यंत्र धरा."

मोठ्या साहेबांनी दोघींना बसायला सांगितलं. ताई बसल्या नाहीत.

"ताई, तुमच्या हाताबद्दल मला कुणी सांगायला नको," साहेब मऊ आवाजात म्हणाले. "माझी मुलगी तुमच्याच हातची. बायको अजून पाहुण्यांना सांगते, टोचलं तरी पोरगी हूं की चूं नाही. पण आता वय होतंच प्रत्येकाचं. खाली खिडकीवर बसून काम आहे. त्रास नाही."

"साहेब, वयाचं नंतर बोलू. एक पाहाल?"

"अहवाल आला की पाहीन ना."

"अहवाल नाही, बाळ आहे. एकच. आणि पाहताना मी सांगते ते करायचं." ताईंचा आवाज असा होता की साहेबांनी नकळत पेन खाली ठेवलं. "श्वास सोडा. सगळा सोडा. अजून आहे आत, तोही सोडा. हं. आता घ्यायचा नाही. बाळानं घेतला की तुम्ही घ्या."

"हा काय पोरखेळ—"

"बोललात तर परत पहिल्यापासून."

डॉक्टरीणबाईंनी यंत्र समोर धरलं. साहेबांनी थोडं हसतच श्वास सोडला आणि ओठ मिटले. पडद्यावर बाळ होतं, झोपाळू, ओठांचा चंबू केलेलं. टक्. बाळ दचकलं. चेहरा आवळला, तोंड उघडलं, आणि खोलीत शांतता पसरली. साहेब पाहत होते. त्यांचं हसू गेलं. भरलेल्या छातीनं माणूस बराच वेळ थांबू शकतो; रिकाम्या छातीनं थांबून बघा एकदा. त्यांचे खांदे वर आले. कान लाल झाले. पडद्यावरचं बाळही लाल झालं होतं. साहेबांचा हात टेबलाची कड शोधायला लागला, आणि शेवटी त्यांनी तोंड उघडून हाऽऽ करून मोठा श्वास घेतला, खोकले, पुन्हा घेतला.

बाळानं घेतला नव्हता.

"का घेईना अजून?" साहेब धापा टाकत म्हणाले.

ताईंनी नुसतं पडद्याकडे बोट दाखवलं. चित्रण चालूच होतं. बाळाची हनुवटी थरथरत होती.

"अहो, का घेईना ते!"

मग बाळानं श्वास घेतला, त्याची मान कलंडली, आणि तो प्रेमळ आवाज आला, शहाणं गं माझं ते. साहेबांनी ऐकलं आणि ताईंकडे पाहिलं.

"आजारी होतं बाळ?"

"ठणठणीत होतं."

"हा आवाज..."

"माझा. हातही माझाच. ह्याला सगळे चांगला हात म्हणत होते, साहेब. आज वाईट म्हणतात, कारण आज बाळ श्वास घेतं आणि रडतं. तुम्ही मला खिडकीवर बसवा, दारात बसवा, घरी बसवा, मी एक अक्षर बोलणार नाही. पण ही टिचकी ह्या दवाखान्यात राहता कामा नये. ती मी आणली आणि ती मी नेणार. तिच्याशिवाय मी जागची हलत नाही."

साहेबांनी पुन्हा बंद पडद्याकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, आणि आता तो आवाज व्यवस्थापकाचा नव्हता, "माझ्या मुलीचंही असंच झालं होतं का?"

ताईंना खोटं बोलता आलं असतं. सगळ्याच बाळांचं असं होत नसेल, हे खरंही होतं, आणि तेवढंच सांगून सुटता आलं असतं. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

"मला सांगता येणार नाही, साहेब," ताई म्हणाल्या. "मी तिच्या तोंडाकडे पाहिलंच नव्हतं. मी फक्त ऐकत होते."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "सोमवारचं रद्द," एवढंच म्हणाले, आणि मग तोंड दुसरीकडे वळवून, "सगळ्या खोल्यांतल्या मुली तुमच्याकडे पाठवतो. शिकवा."

ताई वर आल्या तेव्हा खोलीत धाकटी होती. बाळ दुपट्यात आवळलेलं, टेबलावर ठेवलेलं, एक पाय बाहेर. धाकटीचं बोट अंगठ्याखाली दाबलेलं होतं.

"थांब," ताई म्हणाल्या. त्यांनी दार उघडून आईला आत बोलावलं, खुर्चीत बसवलं, दुपटं सोडलं आणि बाळ तिच्या छातीवर दिलं. मग धाकटीला दंडाला धरून बाळाच्या तोंडासमोर बसवलं. "टोचते मी. तू पायाकडे बघायचं नाहीस. इथे बघायचं."

ताईंनी टाच हातात घेतली, ऊब येईपर्यंत धरून ठेवली आणि टोचलं. बाळानं श्वास घेतला आणि खोली डोक्यावर घेतली. धाकटीनं कानांवर हात नेले.

"हात खाली," ताई म्हणाल्या. "रडू दे त्याला. तू बघत राहा."